ताशी ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते तेव्हा

सोलापूर शहरात सात रस्ता चौकापासून बाळ्यापर्यंत गाडी मुकाट चालते; कोंडी मागे पडून काटा ऐंशीच्या पुढे सरकला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते, आरशातली मागची वाहने पुसट दिसू लागतात, आणि शंभर गाठल्यावर हे सगळे कधीकधी आपोआप कमीही होते. सोलापुरातल्या टायरच्या दुकानांत ही तक्रार नित्याची आहे आणि तिच्यावरचे उत्तरही ठरलेले आहे: ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाका.’ अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणे आणि बॅलन्सिंग म्हणजे रिमला लहान वजने लावून चाकाचा तोल साधणे. यांपैकी बॅलन्सिंगचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, अलाइनमेंटचा थरथरीशी थेट संबंध क्वचितच असतो, आणि दोन्ही करूनही गाडी हलतच राहिली की ब्रेकची डिस्क, शॉकॲब्सॉर्बर, चाकाला खालून धरणारा लोअर आर्म असे एकेक भाग अंदाजाने बदलण्याचा खर्च सुरू होतो. तो टाळायचा असेल तर थरथर कोणत्या वेगाला येते, कुठे जाणवते आणि काय करताना वाढते, या तीन गोष्टी आधी पाहून ठेवाव्यात आणि मग फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या दुरुस्तीकडे क्रमाने जावे.

वेगाचाच संबंध का?

छोट्या मोटारींना सर्रास बसणारा १८५/६५ आर १५ या मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर अंतर कापतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला १४ वेळा फिरतो. रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला जवळजवळ साडेचार किलोच्या जोराने बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदाला १४ वेळा चहूबाजूंनी फिरते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ५० च्या वेगाला तो एक चतुर्थांशच असतो आणि शहरात कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरे असे की, चाक आणि त्याला धरून ठेवणारे सस्पेन्शन यांचा स्वतःचा हेलकाव्याचा ठेका साधारण सेकंदाला १० ते १५ असतो. चाकाचे फेरे या ठेक्याशी जुळले की थरथर शिगेला पोहोचते आणि वेग आणखी वाढला की ती ओसरते. म्हणून ठरावीक वेगाच्या पट्ट्यात, बहुधा ८० ते ११० च्या दरम्यान, येणारी आणि पुढे कमी होणारी थरथर ही चाकाचा तोल बिघडल्याची जवळजवळ खात्रीची खूण आहे. वेग वाढवून त्या पट्ट्यातून निसटायची काही चालकांना सवय असते, पण थरथर ओसरली तरी बेअरिंगवर पडणारा जोर वाढलेलाच असतो.

याउलट ३०-४० च्या वेगालाच गाडी डुलत असेल आणि वेगाबरोबर धपधप वाढत असेल, तर दोष तोलाचा नसून टायर किंवा रिमच्या गोलाईचा आहे असे समजून चालावे. तो अधिक गंभीर असतो.

रस्त्यावरची पाहणी

पाहणीसाठी सरळ, रिकामा आणि गुळगुळीत डांबरी पट्टा निवडावा. पुणे रस्त्यावर पाकणीच्या पुढे किंवा हैदराबाद रस्त्यावर बोरामणीच्या पुढे असे पट्टे सापडतात. सिमेंटच्या रस्त्यावर ही पाहणी करू नये, कारण त्याच्या पृष्ठभागावरील आडव्या रेघा आणि सांधे यांची स्वतःचीच घरघर असते व ती चाकाची समजून माणूस फसतो. गाडीत दोघे असावेत, एकाने चालवावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे. उसाच्या हंगामात ही पाहणी दिवसाउजेडीच करावी, कारण मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत आणि आपले लक्ष काट्याकडे असते.

वेग ६० पासून दहा-दहाने वाढवत, फलकावरील मर्यादेच्या आत राहून, प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ स्थिर ठेवावा. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर बहुधा पुढची चाके दोषी असतात. स्टिअरिंग शांत राहून सीट, जमीन किंवा मागच्या प्रवाशाच्या पाठीला ती जाणवत असेल तर मागची. मग त्याच वेगाला ॲक्सिलरेटर दाबून आणि सोडून पाहावे. दाबल्यावरच गाडी हादरत असेल आणि सोडल्याबरोबर शांत होत असेल, तर चाकांपेक्षा इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या, आतल्या जॉइंटकडे संशयाची सुई वळते. यानंतर मागे कोणी नाही हे पाहून हलका ब्रेक लावावा; थरथर फक्त ब्रेकलाच येत असेल तर ती डिस्कची असते आणि बॅलन्सिंगवर खर्च करून काही उपयोग होत नाही. शेवटी वेग तोच ठेवून पाचव्या गिअरमधून चौथ्यात यावे. इंजिनाचे फेरे वाढल्यावर थरथरीचे रूप बदलले तर तिचे मूळ इंजिन किंवा त्याला धरणाऱ्या रबरी माउंटिंगमध्ये आहे, बदलले नाही तर ते चाकांच्या बाजूला आहे. उतारावर इंजिन बंद करून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये, कारण त्यात ब्रेक आणि स्टिअरिंग यांचे साहाय्य जाते.

निघाल्यापासून पहिल्या १५-२० किलोमीटरमध्ये असलेली आणि नंतर नाहीशी होणारी थरथर हा वेगळा प्रकार आहे. गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिल्यास टायर टेकलेल्या जागी थोडा चपटा होतो आणि गरम झाल्यावर पुन्हा गोल होतो. त्यासाठी काहीच करावे लागत नाही.

घरच्या घरी: आधी माती

आपल्या भागात, विशेषतः मंद्रूप, मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या शेतरस्त्यांवरून पावसाळ्यात गाडी नेणाऱ्यांनी, बॅलन्सिंगच्या आधी रिमच्या आतल्या बाजूला हात घालून पाहावा. काळी माती ओली असताना चिकट असते, रिमच्या आतल्या खोबणीत थापली जाते आणि उन्हाने वाळली की आकसून तिला तडे जातात. सगळीकडे सारखी बसलेली माती फारसा त्रास देत नाही. तिचा एक पापुद्रा गळून पडला की चाकाचा तोल जातो, आणि म्हणून शेतातून आलेली गाडी पहिल्या दिवशी नीट चालते व दोन-तीन दिवसांनी एकाएकी थरथरू लागते. वर सांगितलेल्या ३० ग्रॅमांसाठी लहान लिंबाएवढे एक ढेकूळ पुरते. बाहेरून फवारा मारणाऱ्या धुलाईत हा भाग तसाच राहतो. जॅक लावून चाक काढावे, माती पाण्याने भिजू द्यावी आणि लाकडी पट्टी व ब्रशने खरवडून काढावी. खुरपे किंवा स्क्रूड्रायव्हर वापरला तर बॅलन्सिंगच्या वेळी आधी लावलेली वजने निघून जातात आणि मग शिल्लक राहिलेली थरथर नेमकी कशाची, हे कळत नाही. चाक काढलेलेच आहे तर चाक ज्यावर बसते त्या हबच्या चकतीवरचा आणि रिमच्या मधल्या छिद्राभोवतीचा गंजही तारेच्या ब्रशने साफ करावा, कारण तिथे कागदाएवढा थर राहिला तरी चाक तिरके बसते.

रिम स्वच्छ झाल्यावर आतल्या बाजूला एखादा चौकोनी, चिकट आणि आजूबाजूपेक्षा स्वच्छ डाग दिसतो का, ते पाहावे. तो दिसला तर तिथे चिकटवलेले वजन पडले आहे. धुळीवरच घाईने चिकटवलेली वजने आपल्या उन्हाळ्यात फार काळ टिकत नाहीत.

मग टायरकडे वळावे. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरनुसार भरावी. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे मे महिन्यात दुपारी पाहिलेला आकडा फसवा असतो आणि तो जास्त दिसतो म्हणून हवा सोडणे तर घातकच ठरते. तळहात टायरच्या नक्षीवरून दोन्ही दिशांनी फिरवावा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे, ठरावीक अंतरावर खोलगट चट्टे लागत असतील तर शॉकॲब्सॉर्बर ढिला पडला असावा किंवा चाक बराच काळ तोलाबाहेर फिरले असावे. अलाइनमेंट थरथरीस कारण होते ती अशी आडवाटेने, आधी टायर वेडावाकडा झिजवून, आणि मग केवळ अलाइनमेंट करून तो पुन्हा गोल होत नाही.

कडेला, आतल्या बाजूसही, फुगा आलेला दिसला तर पुढची सगळी तपासणी थांबवावी. खड्ड्यात आदळून आतले दोरे तुटले की तिथे फुगा येतो. त्याला दुरुस्ती नाही, टायर बदलणे हाच उपाय. नक्षीचा एखादा भाग उंच उचललेला किंवा लाटेसारखा दिसत असेल तर आतला पोलादी पट्टा सुटू लागला आहे, आणि कमी हवा, जास्त ओझे व ४० अंशांच्या वरचे ऊन एकत्र आले की असा टायर भर रस्त्यात फुटतो. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात, त्यांवरून वय कळते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढच्या टायरवर, नक्षी भरपूर असली तरी, बॅलन्सिंगचा खर्च करण्याआधी तो जाणकाराकडून तपासून घ्यावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो बदलणे कायद्यानेही आवश्यक आहे.

बॅलन्सिंगच्या वेळी उभे राहून काय पाहावे

दुकानात गाडी सोपवून चहाला जाऊ नये. चाक मशिनच्या दांड्यावर शंकूने मधोमध बसवले जाते, रिमची रुंदी, व्यास आणि मशिनपासूनचे अंतर ही मापे दिली जातात, चाक फिरते आणि आतल्या व बाहेरच्या बाजूला किती ग्रॅम लावायचे हे पडद्यावर येते. मापे आधीच्या गाडीचीच राहून गेली तर आकडे चुकतात, आणि जुनी वजने न काढता नवी लावली तर चाकाला पट्ट्याच पट्ट्या लागतात. म्हणून आधीची सगळी वजने काढून, रिम पुसून, मग सुरुवात करायला सांगावे. टायरमध्ये पंक्चर रोखणारे द्रव टाकले असेल तर ते आधीच सांगावे, कारण द्रव चाक थांबल्यावर खाली साचते आणि मशिन प्रत्येक फेरीत नवा आकडा दाखवते.

वजने लावून दोन्ही बाजूंना शून्य आल्यावर एक विनंती जरूर करावी: चाक मशिनवर ढिले करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळावे आणि परत मोजावे. आकडा पाच ग्रॅमच्या आसपास राहिला तर काम ठीक. एकदम १५-२० ग्रॅम दिसू लागले तर चाक मशिनवर मधोमध बसलेलेच नव्हते आणि पहिले शून्य खोटे होते. यास एक मिनिटही लागत नाही, तरी चांगले कारागीरसुद्धा गर्दीच्या वेळी हे टाळतात. मोटारीच्या एका चाकाला एका बाजूस ६०-७० ग्रॅमपेक्षा जास्त लागत असेल तर वजनांची रांग लावत बसण्यापेक्षा हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा सरकवावा, म्हणजे टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू समोरासमोर येतात. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू होय, आणि तो ठिपका व्हॉल्व्हच्या शेजारी आणून बसवण्याची पद्धत आहे.

चारही चाकांचे बॅलन्सिंग करावे. फक्त पुढच्या दोनचे केले तर पुढच्या वेळी चाके मागे-पुढे केल्यावर तोच त्रास स्टिअरिंगमध्ये परत येतो.

शून्य दाखवूनही थरथर राहिली तर

मशिन वजन मोजते, गोलाई मोजत नाही. अंडाकृती चाकही वजनाने अचूक तोलता येते आणि रस्त्यावर ते गाडीला उचलत-आपटतच राहते. गोलाई घरी तपासता येते: सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढून, उरलेल्या चाकांना दगड लावून एक चाक जॅकवर घ्यावे, गाडीच्या खाली अंग घालू नये. टायरसमोर विटेवर पेन्सिल अशी टेकवावी की तिचे टोक नक्षीला जेमतेम लागेल, आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. टोक आणि टायर यांच्यातील फट एका फेऱ्यात दीड मिलिमीटरहून जास्त कमी-अधिक होत असेल तर दोष सापडला. हीच पेन्सिल रिमच्या कडेला लावून पाहिली म्हणजे वाकडेपणा रिमचा की टायरचा तेही कळते. लोखंडी रिमची थोडी वाकलेली कड सरळ करून घेता येते. अलॉय रिमला चीर गेली असेल तर ती वेल्डिंग करून पुन्हा हमरस्त्यावर नेऊ नये, बदलावी.

चाक वर असतानाच ते वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवल्यास बेअरिंग किंवा बॉल जॉइंट संशयित ठरतो. डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवल्यावर खडखड आली तर स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचा एंड झिजलेला असतो. हे भाग स्वतः थरथर क्वचितच निर्माण करतात, पण १० ग्रॅमचा फरक ३० ग्रॅमांसारखा भासवतात, आणि तोल साधूनही गाडी समाधान देत नाही त्यामागे बहुधा तेच असतात. बेअरिंग झिजले असेल तर सोबत घुमणारा आवाज येतो आणि वळणावर तो कमी-जास्त होतो.

दोष नेमक्या कोणत्या चाकात हे ठरत नसेल तर पुढची दोन चाके मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जावे. थरथर स्टिअरिंगमधून सीटकडे सरकली तर ती चाकाबरोबर गेली, म्हणजे दोष टायर किंवा रिममध्ये आहे. जागेवरच राहिली तर हब, शाफ्ट किंवा सस्पेन्शनमध्ये. मला या एका चाचणीइतकी स्वस्त आणि निर्णायक चाचणी दुसरी माहीत नाही. नक्षीला दिशा असलेले टायर त्याच बाजूला मागे-पुढे करावेत. नव्या गाड्यांतील स्टेपनी बऱ्याचदा लहान मापाची आणि ८० च्या मर्यादेची असते, ती या चाचणीसाठी वापरू नये.

बाहेरून बसवलेल्या अलॉय चाकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. त्यांचे मधले छिद्र अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते. हब आणि छिद्र यांच्यामधील फट भरणारी रिंग नसेल तर चाकाचे केंद्र फक्त नटांच्या भरवशावर राहते. मशिनवर तोल अचूक आणि रस्त्यावर थरथर, असा विरोधाभास अशा गाड्यांत हमखास दिसतो. योग्य मापाची रिंग मिळाली की तो सुटतो.

ब्रेक, शाफ्ट आणि नट

फक्त ब्रेकला स्टिअरिंग हलत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. डिस्क लेथवर घासून घेता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जायचे नसते. शिल्लक जाडी कमी असेल तर दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीनेच बदलाव्यात. ॲक्सिलरेटरला हादरणाऱ्या गाडीत शाफ्टच्या जॉइंटवरचे रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडाले आहे का, ते खाली वाकून पाहावे. मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत गाडीखालून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (त्याचे सांधे) ढिले झाले तरी जमिनीतून थरथर येते. तो शाफ्ट चाकांच्या तीन-चारपट वेगाने फिरत असल्यामुळे ती बारीक आणि घुमणारी असते, हेलकाव्यासारखी नसते.

नट आवळण्याकडे मात्र सगळेच दुर्लक्ष करतात. ते समोरासमोरच्या क्रमाने, आधी चाक वर असताना हलके आणि मग जमिनीवर टेकवून पूर्ण आवळावेत. हवेच्या गनने एक नट पूर्ण घट्ट करून मग शेजारचा घेतला तर चाक एका बाजूला तिरके दाबले जाते. छोट्या मोटारींना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि दुकानात ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना असेल तर तो वापरायला सांगावे.

चालत्या गाडीत थरथर एकाएकी सुरू झाली, तिच्याबरोबर धपधप आवाज आला किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर ब्रेक जोरात न लावता वेग कमी करत डाव्या कडेला यावे, चारही इंडिकेटर लावावेत आणि नट व टायर पाहावेत. ढिला नट असो वा फुगा, पुढच्या गावापर्यंत हळूहळू जाऊ असा विचार करू नये. स्टेपनी लावणे शक्य नसेल तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते.

दुरुस्तीनंतरची चाचणी त्याच पट्ट्यावर, त्याच दिशेने आणि त्याच वेगांना घ्यावी, आणि एका वेळी एकच बदल केलेला असावा. तीन कामे एकदम केली तर गाडी सुधारते, पण दोष कशात होता हे कधीच कळत नाही. चाक काढलेले असल्यास ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत जाऊन परत आल्यावर हे काम दाराशीच करता येते. त्यानंतर दर १०,००० किलोमीटरच्या आसपास चाके मागे-पुढे करताना चारही चाकांचा तोल तपासून घ्यावा. शेतरस्त्याची फेरी झाली असेल तर त्याआधीही.